युद्धकालीन जर्मन स्मारक तिकिटांचा संग्रह

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९–४५) जर्मन टपाल खात्याने काढलेली स्मारक तिकिटे जमविणे ही तिकिटसंग्रहाची एक जुनी शाखा आहे. नाझी राजवटीने तिकिटाचा उपयोग प्रचारासाठी केला, तसाच पैसा उभा करण्यासाठीही. त्यामुळे या काळातील बहुतेक स्मारक तिकिटांवर टपालाचा दर आणि अधिभार (दरावर घेतलेली जादा रक्कम) असे दोन आकडे आढळतात. हिटलर व मुसोलिनी यांच्या १९४१ च्या तिकिटावर १२+३८ फेनिग (मार्क या जर्मन चलनाचा शंभरावा भाग) असे मूल्य आहे. म्हणजे देशांतर्गत साध्या पत्राच्या १२ फेनिग टपालासाठी ग्राहक ५० फेनिग मोजी. हिटलरच्या वाढदिवसाच्या तिकिटांवरील अधिभार त्याच्या संस्कृती निधीत जाई. संगीतकार मोत्सार्ट, जंतुशास्त्रज्ञ कोख यांच्या स्मृतीपासून सैन्यदलांपर्यंत विषय पसरलेले आहेत. १९४३ च्या अखेरीस तिकिटांवरील ‘डॉइचेस राइख’ (जर्मन राइख) ची जागा ‘ग्रोसडॉइचेस राइख’ (महाजर्मन राइख) या अक्षरांनी घेतली. लढाई हरत असतानाच नाव मोठे झाले.

यांपैकी पुष्कळशी कोरी तिकिटे आजही स्वस्तात मिळतात, कारण ती संग्राहकांनीच मोठ्या प्रमाणात घेऊन जपून ठेवली. खरी किंमत आहे ती योग्य दराने प्रत्यक्ष प्रवास केलेल्या पाकिटाला. एप्रिल १९४५ मध्ये, सोव्हिएत फौजा बर्लिनच्या वेशीवर असताना, एसए व एसएस या नाझी पक्षाच्या निमलष्करी संघटनांची दोन तिकिटे निघाली. त्यांवरचा टपालाचा अस्सल शिक्का अतिशय दुर्मिळ आहे, आणि साहजिकच बनावट शिक्क्यांना तोटा नाही. म्हणून अशी वस्तू तज्ज्ञांच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊ नये.

शत्रुपक्षाने केलेली विडंबने हा या संग्रहाचा जोडविभाग होय. हिटलरच्या म्युनिकमधील १९२३ च्या फसलेल्या उठावाच्या स्मरणार्थ १९४३ मध्ये निघालेल्या तिकिटाची ब्रिटिशांनी पुढे नक्कल केली, आणि तीत हिटलरविरुद्धच्या कटासाठी ८ ऑगस्ट १९४४ रोजी फाशी गेलेल्या फील्डमार्शल विट्स्लेबेन यांचे चित्र घातले.

भारतीय संग्राहकांना अधिक ओढ वाटते ती आझाद हिंद तिकिटांची. सुभाषचंद्र बोस यांच्या चळवळीसाठी बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापलेली ही तिकिटे आणे व रुपयांत आहेत. त्यांची रचना जर्मन तिकिटे रेखाटणाऱ्या आक्स्टर-हॉइटलास दांपत्याने केली होती. ती कधीच वापरात आली नाहीत. त्यामुळे इतर तिकिटांचा मोलाचा निकष येथे उलटा लागतो, आणि टपालाचा म्हणून दाखविलेला कोणताही शिक्का संशयास्पद ठरतो.