बिजागरी असलेलं कासव

माझा भाचा अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात राहतो. गेल्या मे महिन्यात त्याने एक व्हिडिओ पाठवला. पाऊस नुकताच थांबलेला, आणि गॅरेजसमोर वीतभर लांबीचं एक कासव. तपकिरी पाठीवर पिवळ्या-नारिंगी रेघोट्या, डोळे लालभडक. त्याची आठ वर्षांची मुलगी हात पुढे करते, तसं 'हिस्स' आवाज होऊन डोकं आत जातं. लगेच पोटाकडची पाटी वर उचलली जाते आणि कासव डबीसारखं बंद! खाली प्रश्न लिहिलेला : "मामा, हिला हे पाळायचंय. की दुकानातून टॉर्टॉइज आणू? दोन्ही जमिनीवरचीच ना?"

त्या शेवटच्या तीन शब्दांसाठी हा लेख लिहितो आहे.

आपल्याकडे समुद्रातलं, विहिरीतलं, माळरानावरचं, सगळं 'कासव'च. इंग्रजीत मात्र जमिनीवरच्या एका खास कुळातल्या कासवांना 'टॉर्टॉइज' म्हणतात. व्हिडिओतलं कासव म्हणजे ईस्टर्न बॉक्स टर्टल, नॉर्थ कॅरोलिनाचा १९७९ पासूनचा राज्य-सरीसृप. ते राहतं जंगलातल्या पालापाचोळ्यात, पण त्याचं कूळ तळ्यातल्या कासवांचं, इमिडिडी. आपल्याकडे माशांच्या दुकानात काचेच्या टाकीत लाल कानाची छोटी कासवं विकतात ना, त्यांचं हे जवळचं नातेवाईक. टॉर्टॉइजचं कूळ वेगळं, टेस्टुडिनिडी. टॉर्टॉइजचे मागचे पाय हत्तीच्या पायासारखे खांब असतात. बॉक्स टर्टलची बोटं मात्र सुटी दिसतात. पाण्याजवळच्या पूर्वजांची खूण त्याच्या पायांत अजून आहे.

आता ती डबी. मला या सगळ्यात सर्वांत आवडणारी गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कवच म्हणजे कासवाने अंगावर घेतलेलं घर, हे चित्र कार्टूनवाल्यांनी आपल्या डोक्यात पक्कं बसवलंय. प्रत्यक्षात वरचं कवच म्हणजे कासवाचा कणा आणि बरगड्याच. त्या रुंद होऊन एकमेकींना चिकटल्या आहेत आणि वरून आपल्या नखांसारख्या केराटिनचा थर आहे. कासव कवचातून बाहेर येऊ शकत नाही, जसे आपण आपल्या पाठीच्या कण्यातून बाहेर येऊ शकत नाही. आणखी नवल म्हणजे त्याचे खांदे बरगड्यांच्या पिंजऱ्याच्या आत असतात.

बरगड्या अशा घट्ट झाल्यावर श्वास कसा घ्यायचा? आपली छाती फुगते, कासवाची फुगणार कशी? उत्तर पोटात आहे. मागच्या पायांच्या खळगीत स्नायूचा एक पातळ, आत वळलेला पडदा असतो. तो आकसला की सपाट होतो, आतली जागा वाढते आणि कवचाच्या छताला लागून असलेल्या फुफ्फुसांत हवा येते. दुसरा स्नायू आतड्या-यकृताला कवेत घेऊन असतो. तो आकसला की ते अवयव फुफ्फुसांवर दाबले जातात आणि हवा बाहेर पडते. म्हणजे जमिनीवरच्या कासवाला श्वास घ्यायलाही मेहनत आणि सोडायलाही मेहनत.

आता याला डबीचा हिशेब जोडा. कवच ताठ आहे, आतली जागा ठरलेली आहे. डोकं आणि चार पाय आत घ्यायचे तर काहीतरी बाहेर जायलाच हवं. जाते ती फुफ्फुसातली हवा. 'हिस्स' तो हाच आवाज. मुलीला वाटलं कासव चिडलं; खरं तर ते स्वतःला मावण्यासाठी जागा करत होतं.

आणि बिजागरी? टॉर्टॉइजचं वरचं आणि खालचं कवच दोन्ही बाजूंना हाडाच्या पुलाने पक्कं जोडलेलं असतं. बॉक्स टर्टलमध्ये तिथे हाड नाही, चिवट तंतूंचा बंध आहे. पोटाची पाटी आडवी दुभागलेली असून मध्ये लवचीक पट्टी असते. पुढचा भाग वर उचलला की पुढचं दार बंद, मागचा उचलला की मागचं. पुढचं दार मिटताना खांदा आत दुमडावा लागतो, म्हणून खांद्याच्या हाडाच्या वरच्या टोकाला हलणारे जादा तुकडे आहेत! अंड्यातून निघालेल्या पिल्लाची बिजागरी मात्र चालत नाही. ती चालू व्हायला काही वर्षं लागतात, तोवर पिल्लू उघडंच.

ही युक्ती निसर्गात एकदाच निघाली असंही नाही. आशियात कुओरा नावाची कासवं आहेत, त्यांतली काही आपल्या ईशान्य भारतातही. त्यांनाही इंग्रजीत बॉक्स टर्टल म्हणतात, पण त्यांचं कूळ तिसरंच आणि त्यांची बिजागरी स्वतंत्रपणे घडलेली. आफ्रिकेतल्या किनिक्सिस या टॉर्टॉइजची बिजागरी तर पाठीच्या कवचात, मागच्या बाजूला आहे. बाकी बहुतेक टॉर्टॉइज दाराऐवजी पायच वापरतात : डोकं आत घ्यायचं आणि जाड खवल्यांचे पुढचे दोन पाय समोर जुळवायचे.

पाळणाऱ्याने यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रेमाने खाऊ घालून बॉक्स टर्टल लठ्ठ केलं तर ते नीट मिटतच नाही, दाराच्या फटीतून मांस बाहेर राहतं.

खाण्यापिण्यातही कूळ बोलतं. बॉक्स टर्टल गांडुळं, गोगलगायी, अळंबी, गळून पडलेली फळं, सगळं खातं. आपल्याला विषारी असलेली अळंबीसुद्धा ते पचवतं. त्याला ओलसर माती आणि सावली लागते, कोरड्या खोलीत त्याचे हाल होतात. टॉर्टॉइज बहुतांशी गवत-पानांवर जगतात, त्यांच्या आतड्यातले जिवाणू तंतू कुजवून त्यांना ऊर्जा देतात. त्यांना मांस किंवा कुत्र्याचं खाणं देऊ नये. पण 'वाळवंटातलं कासव, त्याला ओल कशाला' हेही चूक. पिल्लं कोरड्या हवेत वाढली तर पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात. दोघांनाही अतिनील-ब किरण हवेत, त्याशिवाय ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि हाडं, म्हणजे कवचच, मऊ पडतं. खिडकीची काच हे किरण अडवते, हे फार जणांना माहीत नसतं.

सुलकाटा टॉर्टॉइज पिल्लू असताना चार-पाच सेंटिमीटरचं, गोंडस असतं. सहाराच्या दक्षिण कडेचं हे कासव पुढे चाळीस-पन्नास किलोचं होतं आणि अंगण खणून काढतं. त्यापेक्षा रशियन टॉर्टॉइज बरं. ते साधारण बॉक्स टर्टलएवढंच राहतं, दिवसा हिंडतं, दिसतं. याच जातीची दोन कासवं सप्टेंबर १९६८ मध्ये सोव्हिएत झाँड-५ यानातून चंद्राला वळसा घालून जिवंत परत आली होती! बॉक्स टर्टल बुजरं, हाताळलेलं त्याला आवडत नाही. दोघंही पन्नास वर्षं सहज जगतात. दोघांच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो, म्हणून अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला १९७५ पासून बंदी आहे. पाळायचंच असेल तर बंदिस्त जागेत जन्मलेलं, कागदपत्रांसह आणलेलं रशियन टॉर्टॉइज, आणि जबाबदारी मोठ्यांची, असं मी भाच्याला सांगितलं.

भारतात हा प्रश्न निराळा आहे. आपलं स्टार कासव घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि २०१९ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद आहे. तरी तस्करी चालते. त्यामागे हौस आहे तशी अंधश्रद्धाही. घरात कासव ठेवलं की लक्ष्मी येते, वीस नख्यांचं कासव गुप्तधन दाखवतं, असल्या थापांवर लोक लाखो रुपये उधळतात. आपल्या तळ्या-विहिरींतल्या मऊ कवचाच्या कासवाला प्रत्येक पायाला तीनच नख्या असतात. बारा झाल्या. कमीजास्त नख्यांनी जमिनीतलं सोनं वर येत नाही, कासव मात्र पोत्यात गुदमरून मरतं.

आणि गॅरेजसमोरचं ते कासव? ते उचलायचंच नाही, हे मी भाच्याला पहिल्याच फोनवर सांगितलं. ल्युसिल स्टिकेल या संशोधिकेने १९४४ पासून मेरीलँडच्या पटक्सेंट अभयारण्यात बॉक्स टर्टलांचा अभ्यास केला. पाठीवर दोऱ्याचं रीळ बसवायचं, कासव चालेल तसा दोरा सुटत जातो आणि वाट कळते. बहुतेक प्रौढ कासवं शंभर-सव्वाशे मीटरच्या टापूत वर्षानुवर्षं राहतात, हे त्यातून दिसलं. दूर नेऊन सोडलं तर ते आपला टापू शोधत भटकतं आणि रस्त्यावर गाडीखाली येतं. रस्त्यात दिसलंच तर ज्या दिशेला तोंड असेल त्याच बाजूला पलीकडे ठेवावं आणि हात धुवावेत.

मुलीने मग एक वही केली. प्रत्येक कासवाची नक्षी वेगळी असते, म्हणून तिने डाव्या बाजूच्या रेघोट्या रंगीत पेन्सिलीने काढून ठेवल्या. ऑगस्टअखेर वहीत चार नोंदी झाल्या होत्या : कुंपणाजवळ दोनदा, ओढ्याच्या काठी एकदा, आणि एकदा कुजक्या ओंडक्यापाशी, तोंडात अर्धी अळंबी.