रिचमंडचा परफेक्ट गेम आणि वॉर्डचा परफेक्ट गेम

१२ जून १८८० रोजी अमेरिकेत वूस्टरच्या बेसबॉल मैदानावर ली रिचमंडने क्लीव्हलँडचे सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर बाद केले. पाचच दिवसांनी, १७ जूनला, जॉन माँटगोमेरी वॉर्डने प्रॉव्हिडन्सकडून खेळताना बफेलोची तीच गत केली. नॅशनल लीगमधले हे पहिले दोन परफेक्ट गेम. महिना एक, वर्ष एक, दोन्ही संघ शेजारच्या शहरांतले आणि दोघेही पिचर (चेंडू टाकणारे) कॉलेजात शिकलेले, त्यामुळे एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर खपून जाते. मला ते खटकतं, कारण हे दोघे फार वेगळे होते.

आधी एक फरक सांगायला हवा. प्रतिस्पर्ध्याला एकही हिट, म्हणजे चेंडू मारून बेस (धावेच्या वाटेवरचा थांबा) गाठणं, मिळाली नाही तर तो नो-हिटर. त्यात कुणी चार बॉलवर (पिचरने टप्प्याबाहेर टाकलेले चेंडू) किंवा क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे बेसवर पोचलेला चालतो. परफेक्ट गेममध्ये मात्र एकही बॅटर कुठल्याही मार्गाने फर्स्ट बेस गाठत नाही. १८८० साली पिचर ४५ फुटांवरून, हात कमरेखाली ठेवून चेंडू टाकत असे. बॅटर त्याच्याकडे उंच किंवा खालचा चेंडू मागू शके. फुकटचा बेस मिळायला मात्र चारऐवजी आठ बॉल लागत. क्षेत्ररक्षकांपैकी बहुतेकांच्या हातात ग्लोव्ह नसे, म्हणजे चूक व्हायला पुरेपूर वाव होता.

रिचमंड डावखुरा होता आणि त्या दिवसांत ब्राउन विद्यापीठातली त्याची पदवी पुरी होत होती. वर्गमित्रांसोबतच्या कार्यक्रमांत रात्र जागून तो सामन्याला आला, असं सांगतात. सामना १–० असा सुटला आणि ती एकमेव धावही क्लीव्हलँडच्या चुकीमुळे मिळाली. एकदा चेंडू उजवीकडे गेला, हिट नक्की वाटत होती. पण राईट फील्डर लॉन नाइटने तो उचलून थेट फर्स्ट बेसला फेकला आणि बॅटर बाद झाला. सत्तावीसमधला तो एक बळी खरं तर नाइटचा.

वॉर्डचा सामना ५–० असा, त्या मानाने आरामात सुटला. समोर पड गॅल्व्हिनसारखा मोठा पिचर होता. वॉर्ड उजव्या हाताने टाकणारा, वय अवघं २०. एवढ्या कमी वयात परफेक्ट गेम आजवर दुसऱ्या कुणाला जमलेला नाही. आदल्याच वर्षी ४७ सामने जिंकून त्याने प्रॉव्हिडन्सला विजेतेपद मिळवून दिलं होतं.

निव्वळ त्या दिवसाचा विचार केला तर मी रिचमंडला झुकतं माप देईन. एका धावेच्या आघाडीवर प्रत्येक चेंडू जपून टाकावा लागतो.

खेळाडू म्हणून वॉर्ड कितीतरी मोठा. रिचमंडचा हिशेब ७५ विजय आणि १०० पराभव असा आहे. तो डॉक्टर झाला आणि पुढे टोलेडोत अनेक वर्षं शिक्षक होता. वॉर्डचा हात दुखावला तेव्हा त्याने पिचिंग सोडलं आणि तो न्यूयॉर्कचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) झाला. पिचर म्हणून १०० हून जास्त विजय आणि बॅटर म्हणून २००० हून जास्त हिट्स, ही जोड त्याच्याशिवाय कुणाकडेच नाही.

खेळता खेळता त्याने कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवीही घेतली आणि ती कामी आणली. तेव्हाच्या करारातल्या राखीव कलमामुळे मालकाने सोडल्याशिवाय खेळाडूला दुसऱ्या संघात जाता येत नसे. १८८५ साली वॉर्डने खेळाडूंची संघटना उभारली. खेळाडू म्हणजे मालकाची जंगम मालमत्ता आहे का, असा सवाल १८८७ मध्ये त्याने एका लेखात जाहीरपणे केला. १८९० साली खेळाडूंनी स्वतःची लीगच काढली. ती एका हंगामात बुडाली आणि राखीव कलम पुढे कित्येक दशकं टिकलं.

वॉर्ड १९२५ मध्ये गेला, रिचमंड १९२९ मध्ये. नॅशनल लीगमध्ये पुढचा परफेक्ट गेम व्हायला ८४ वर्षं लागली. तो २१ जून १९६४ ला फिलाडेल्फियाच्या जिम बनिंगने टाकला. त्याच वर्षी वॉर्डला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत, जागा मिळाली. रिचमंडला ती अजून मिळालेली नाही.