हत्तीरोगासाठी रक्त रात्रीच का घेतात?

आपल्या सातारा-सांगलीकडं पाय सुजला, जांघेत अवधाण आलं, हुडहुडी भरून ताप आला की पहिला अंदाज धावऱ्याचा, म्हणजे कातडीच्या जंतुसंसर्गाचा. हत्तीरोगाचं नाव फार उशिरा निघतं. राज्यातला या रोगाचा जुना पट्टा मुख्यतः विदर्भातला, शिवाय नांदेड, लातूर, सोलापूर. पण दर हंगामात मराठवाड्यातल्या टोळ्या कृष्णाकाठी ऊसतोडीला येतात आणि महिनोन् महिने कोप्यांत राहतात. म्हणून सुजलेल्या पायाच्या माणसाला 'गाव कुठलं?' हे विचारायलाच हवं.

रोग प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत त्याला श्लीपद म्हटलंय. जिथं जुनं पाणी साचून राहतं त्या प्रदेशात तो विशेष होतो, आणि वर्षाहून जुना, वारुळासारखा वाढलेला असेल तर तो सोडून द्यावा, असं तिथं सांगितलंय. डासाचा उल्लेख नाही, पण पाणी अचूक हेरलंय. मला याचं फार नवल वाटतं.

हत्तीरोग होतो एका बारीक जंतामुळं. त्या जंताची पिल्लं माणसाच्या रक्तात असतात हे १८७२ साली कोलकात्यात टिमथी लुईस यांनी दाखवलं. १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय इथं पॅट्रिक मॅन्सन यांना तीच पिल्लं डासाच्या अंगात वाढताना दिसली. मात्र मेलेला डास पडलेलं पाणी पिऊन रोग होतो, अशी त्यांची समजूत होती. जंत डासाच्या सोंडेतून माणसात शिरतो, हे १९०० साली उलगडलं. आपल्याकडं हा डास क्युलेक्स, गटारात आणि शोषखड्ड्यात वाढणारा.

तो चावतो रात्री. पिल्लंही दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री कातडीजवळच्या रक्तात येतात. त्यामुळं दुपारच्या ओपीडीत बोट टोचलं तर काचपट्टीवर बहुधा काहीच दिसत नाही. १९५५ साली राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून कर्मचारी साडेआठनंतर, लोक झोपायच्या वेळी, दारोदार रक्त घ्यायला जात आले. दुसरी अडचण याहून वाईट: पाय पुरता जाड झालेल्या माणसाच्या रक्तात रात्रीसुद्धा पिल्लं पुष्कळदा सापडत नाहीत. रिपोर्ट निगेटिव्ह आला की तो बिचारा पुन्हा दुसऱ्या दवाखान्याच्या पायऱ्या चढतो. जंताचं प्रतिजन, म्हणजे त्याच्यापासून रक्तात उतरणारा पदार्थ, ओळखणारी पट्टी आली आणि दिवसाही तपासणी शक्य झाली.

औषध १९४७ पासून माहीत आहे: डायइथिलकार्बामाझिन, बोलण्यात 'डीईसी'. रुग्णाला वजनाप्रमाणे बारा दिवस देतात. २००४ पासून बाधित जिल्ह्यांत सगळ्या गावाला वर्षातून एकदा गोळ्या देणं सुरू झालं, कारण लक्षण नसलेल्या माणसाच्या रक्तातूनही डास जंत उचलतो. पुढं अल्बेंडाझोलची जोड मिळाली, काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिनचीही.

गोळ्यांनी जुनी सूज मात्र उतरत नाही. तिथं रोज साबणानं पाय धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणं आणि बसताना पाय उंच ठेवणं एवढंच हाती असतं. त्यानं तापाचे झटके कमी होतात. अंडवृद्धी झाली असेल तर शस्त्रक्रियेनं ती बरी होते, पण लाजेपायी पुरुष वर्षानुवर्षं ते घरातही सांगत नाहीत.