विदारण आणि क्षरण: आधी कारकांची यादी खोडा

नदी दरी खोदते, वारा वाळू उडवून नेतो, हिमनदी खडक खरवडते. हे क्षरण, आणि ते बहुतेकांना नीट ठाऊक असतं. घोळ होतो तो विदारणाशी, म्हणजे खडक जागच्या जागी फुटण्या-कुजण्याशी. खोल दरीच्या चित्राखाली 'नदीने केलेलं विदारण' असं लिहिलेलं दिसलं की मला राहवत नाही.

या घोळाचं मूळ त्या पाठ करायच्या यादीत आहे: ऊन, हिम, मुळं म्हणजे विदारण आणि नदी, वारा, लाटा म्हणजे क्षरण. कारकावरून, म्हणजे काम कोण करतं यावरून, काही ठरत नाही. फटीतलं पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि खडक तडकवतं, ते विदारण. तेच पाणी वितळून उतारावरून चुरा घेऊन निघतं, ते क्षरण. विचारायचं एवढंच, की माल जागचा हलला का?

न हलता खडकाचं काय होतं, ते कुजलेल्या ग्रॅनाइटमध्ये पाहावं. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्लधर्मी होतं. त्याने ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पार या खनिजाची हळूहळू चिकणमाती होते, क्वार्ट्झ हे कठीण खनिज जवळजवळ तसंच राहतं. विरघळलेले क्षार तेवढे झिरपून जातात. खडक चाकूने कापता येईल इतका मऊ पडतो, तरी त्यातली क्वार्ट्झची शीर जुन्याच जागी, जुन्याच तिरक्या रेषेत सलग दिसते. उष्ण आणि दमट प्रदेशांत असा थर कित्येक मीटर जाड असतो.

चुनखडी विरघळते आणि लगेच वाहूनही जाते. तिथे काटेकोर सीमारेषेचा हट्ट मी धरत नाही.

विदारण आणि क्षरण यांच्या वेगातला फरक भूरूप ठरवतो. अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी 1877 च्या, अमेरिकेतल्याच हेन्री पर्वतांवरील अहवालात हे मांडलं: विदारण जलद असेल तर माती साठते, वाहतूक जलद असेल तर खडक उघडा पडतो.

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या दरीचं घ्या. ती सुमारे 1.6 किलोमीटर खोल आहे आणि काही ठिकाणी 25 किलोमीटरहून रुंद. कोलोरॅडो नदीने एकटीने कापली असती तर पात्राएवढी अरुंद चीर उरली असती. दरी रुंदावली ती विदारणाने सैल झालेले कडे लाखो वर्षं ढासळत राहिल्यामुळे आणि उपनद्यांनी तो माल खाली आणल्यामुळे. नदीने तळ खोदला आणि आलेला ढिगारा पुढे नेला.