फोर-हायमध्ये आखडणारी गाडी: ताण की बिघाड?

जुनी फोर बाय फोर बघायला गेलेलं नवखं गिऱ्हाईक हमखास एक गोष्ट करतं. डांबरी रस्त्यावरच गिअरशेजारचा दुसरा दांडा फोर-हायवर (नेहमीच्या वेगात चारही चाकांना ताकद) टाकतं, स्टिअरिंग पूर्ण कापतं आणि गाडी वळवून बघतं. गाडी आखडते. क्लच सोडला तरी पुढे सरकायला कुरकुरते, टायर किंचाळतात, खालून एखादा दणका येतो. शिवाय दांडा टू-हायवर (ताकद फक्त मागच्या चाकांना) परत यायला तयार नसतो. "गिअरबॉक्स गेलाय याचा," म्हणून सौदा मोडतो. पुढच्या रविवारी तेच गिऱ्हाईक दुसरी गाडी बघतं. ती फोर-हायमध्ये अलगद वळते, दांडाही एका बोटाने सुटतो. बयाणा तिथल्या तिथे.

पहिली गाडी बहुधा ठणठणीत असते. संशय घ्यायचा तो दुसरीचा.

जिप्सी, महिंद्राच्या जुन्या जीपा, २०१० साली आलेली थार, स्कॉर्पिओ आणि सफारीची फोर बाय फोर मॉडेल्स या सगळ्या पार्ट-टाइम जातीच्या. एरवी ताकद फक्त मागच्या चाकांना. दांडा किंवा बटण फोरवर नेलं की ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारा डबा, पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत ताकद नेणारे लांब दांडे) एकमेकांना घट्ट जोडतो. वळताना मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, म्हणजे त्यांना जास्त फिरायचं असतं. डाव्या-उजव्या चाकातला फरक त्या-त्या ॲक्सलच्या हाऊसिंगमधलं डिफरन्शिअल, म्हणजे दोन्ही बाजूंना वेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, सांभाळतं. पुढच्या-मागच्यातला फरक सांभाळायला मध्ये तिसरं डिफरन्शिअल लागतं, आणि ते या गाड्यांत नाही. चिखलात, वाळूत, सुट्या मुरुमावर टायर थोडा घसरतो आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग शाफ्ट पिळवटत जातात. हा झाला ताण, इंग्रजीतला वाइंड-अप. ट्रान्सफर केसच्या आतले दात या पिळाने एकमेकांवर दाबले जातात, म्हणून दांडा निघत नाही. सरळ रेषेत चार-पाच मीटर मागे घेतलं की पीळ उलगडतो आणि दांडा सुटतो.

म्हणजे डांबरावर आखडणं हा पार्ट-टाइम गाडीचा धर्म आहे. पुढची चाकं खरोखर ओढतायत याचा तो फुकटात मिळणारा पुरावाही आहे.

सगळ्या गाड्यांना हा नियम लावू नका. पहिल्या पिढीची फोर्च्युनर, म्हणजे आपल्याकडे २००९ पासून विकली गेलेली, फोर बाय फोरमध्ये फुल-टाइम होती. तिच्यात मधलं डिफरन्शिअल आहे आणि टू-हाय नाहीच. ती साध्या 'एच'वर डांबरी वळणात आखडत असेल तर एक तर मधल्या डिफरन्शिअलचा लॉक अडकलाय, नाहीतर टायरांत घोळ आहे. २०१६ ची पुढची पिढी पार्ट-टाइम, तिचं आखडणं रास्त. नाव तेच, लक्षणं तीच, निदान उलटं. तेव्हा बघायला जाण्याआधी त्या मॉडेलला मधलं डिफरन्शिअल आहे की नाही एवढं विचारून घ्या.

आता ताण आणि बिघाड वेगळे कसे ओळखायचे? मी गाडी बघायला जातो तेव्हा मालकाला आधी एखादं मोकळं मैदान विचारतो, शक्यतो सुटा मुरूम किंवा बारीक खडी असलेलं. आधी टू-हायमध्ये दोन्ही बाजूंना पूर्ण कापून सावकाश फेरी. मग फोर-हाय, तीच फेरी, पहिल्या गिअरमध्ये, क्लच सोडून, ॲक्सिलरेटरला पाय न लावता. काच खाली, रेडिओ बंद. सुट्या मुरुमावर निरोगी गाडी जराशी जड होते, चाकाखालचे खडे कुरकुरतात, टायरचा माग टू-हायच्या मागापेक्षा खरवडलेला दिसतो. तेवढंच. मग हीच फेरी मैदानाच्या फाटकाजवळच्या टणक जमिनीवर, पण पाव वर्तुळापुरतीच. इथे गाडी स्पष्ट आखडायला हवी. मुरुमावर सुटते आणि टणक जमिनीवर आखडते, डावीकडे-उजवीकडे सारखीच, आणि मागे घेतली की मोकळी होते: हा ताण. त्यासाठी किमतीतून एक रुपया कमी करायचं कारण नाही.

मुरुमावरही तसाच आवाज येत राहिला, किंवा एकाच बाजूला कापल्यावर आला, तर ताणाला दोष देऊ नका. पूर्ण कापून चालवताना पुढच्या एका चाकातून कट-कट-कट असा चाकाच्या वेगाबरोबर वाढणारा ताल येत असेल तर पुढच्या ॲक्सलचा जॉइंट गेलाय. ताणाच्या दणक्याला ताल नसतो. तो साठतो, टायर एकदा उडी मारतो, थांबतो, पुन्हा साठतो. गिअर पुढून रिव्हर्सला टाकताना एकच 'टंक' येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (टोकाचा वळणारा सांधा) बघा. शाफ्ट हाताने धरून पिळला की प्ले, म्हणजे ढिलेपणा, हाताला लागतो, आणि हे काम स्वस्तातलं आहे.

महागडी गोष्ट म्हणजे ट्रान्सफर केसची चेन. जिप्सीच्या आणि जुन्या जीपांच्या ट्रान्सफर केसमध्ये गिअर असतात. स्कॉर्पिओ, सफारी यांच्यात पुढच्या शाफ्टकडे ताकद चेनने जाते. वापराने चेन सैल पडते आणि जोर आला की दातावरून उडी मारते. हा 'धाड' आवाज ऐकायला ताणाच्या दणक्यासारखाच असतो, आणि गिऱ्हाईक फसतं ते नेमकं इथे. फरक असा की ताण वळणात आणि टणक जमिनीवर येतो. चेन सरळ रेषेत, चढावर, फोर-लोमध्ये (चारही चाकं, वेग कमी, जोर जास्त), जोर देताना उडते, आणि जमीन सुटी असली तरी उडते. म्हणून सुट्या मातीचा एखादा चढ बघा, शेताच्या बांधावर चढणारी गाडीवाट चालेल. फोर-लो, पहिला गिअर, स्टिअरिंग सरळ. तिथे खालून धाड-धाड आली तर ट्रान्सफर केस उघडायचा खर्च धरूनच बोला.

आता त्या अलगद वळणाऱ्या गाडीकडे येऊ. डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा हिरवा किंवा नारिंगी दिवा दांड्याचा किंवा ट्रान्सफर केसमधल्या फोर्कचा स्विच दाबला गेल्याचं सांगतो, एवढंच. त्यापुढे शाफ्ट आहे, हाऊसिंग आहे, चाक ॲक्सलला जोडणारे हब आहेत, त्यांची दिव्याला काही खबर नसते. डिझेल वाचवायला किंवा आवाज बंद करायला पुढचा प्रोपेलर शाफ्टच काढून ठेवलेल्या गाड्या सर्रास मिळतात. दिवा तरीही झकास लागतो. खाली वाकून बघायला अर्धा मिनिट लागतो, आणि आश्चर्य म्हणजे बहुतेक लोक तेवढं वाकत नाहीत.

शाफ्ट आहे पण गाडी आखडत नाही, तर हब बघा. काही गाड्यांत पुढच्या चाकाच्या मधोमध हाताने फिरवायची चकती असते, एका बाजूला 'फ्री', दुसऱ्या बाजूला 'लॉक'. ती फ्रीवर असेल तर बिघाड काही नाही. उतरा, दोन्ही चकत्या लॉकवर फिरवा, पुन्हा फेरी मारा. चकती फिरतच नसेल तर वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही. जंगल सफारीच्या कामातून निवृत्त झालेल्या जिप्सींत हे मी जास्त बघितलंय. धुळीच्या वाटेवर टू-हायमध्येच आयुष्य गेलेलं असतं, गाडी वाईट नसते, फक्त पुढचं सगळं गंजून बसलेलं असतं. व्हॅक्यूमवर चालणारे हब असतील तर रबरी नळ्या चाचपून बघा, जुनं रबर तडकतं. ऑटो-लॉकिंग हब असतील तर उलटी गंमत: टू-हायवर आणल्यावरही बऱ्याचदा ते थोडं मागे घेतल्याशिवाय सुटत नाहीत, आणि तोवर पुढून घरघर येत राहते. ती घरघर बिघाड नव्हे.

तरी शंका उरली तर जॅक लावा. सपाट जागा, बाकीच्या चाकांना ओट (अडवायला दगड), गिअरमध्ये टाकलेली बंद गाडी, दांडा फोर-हायवर, हब लॉक. पुढचं एकच चाक उचला आणि हाताने फिरवा. थोडा प्ले लागून चाक अडलं पाहिजे. ते गरगर फिरलं तर इंजिनापासून त्या चाकापर्यंतच्या साखळीत कुठेतरी काहीतरी जोडलेलं नाही. मालक काहीही सांगो.

राहिला तिसरा प्रकार, आणि मला सर्वांत चिवट वाटतो तो हाच: ताण खरा, पण त्यामागचं कारण बिघाडाचं. गाडी फोर-हायमध्ये सरळ चालतानाही आखडते, शंभर-दोनशे मीटरांत दांडा घट्ट होतो. सरळ रेषेत चारही चाकं सारखी फिरायला हवीत, मग पीळ आला कुठून? आधी टायर बघा. पुढे नवे, मागे गुळगुळीत, किंवा पुढे-मागे वेगळ्या मापाचे असतील तर प्रत्येक फेऱ्याला थोडा-थोडा फरक साठतो. टायर चारही सारखे असतील तर मात्र मामला वाढतो. कुठल्यातरी भंगारातून एक हाऊसिंग आणून बसवलंय आणि त्याचा क्राउन-पिनियन (डिफरन्शिअल फिरवणारी दात्यांची जोडी) दुसऱ्या रेशोचा आहे, अशी शक्यता धरा. जुन्या जीपांत, विशेषतः टू-व्हीलची फोर-व्हील केलेल्यांत, हे होतं.

याची तपासणी खडूने होते. गाडीला ओट लावा, दांडा टू-हायवर आणि गिअरबॉक्स न्यूट्रलवर आणा, हब लॉकच असू द्या, पुढचं एक चाक उचला. चाकाला आणि त्या बाजूच्या प्रोपेलर शाफ्टला खडूची एक-एक रेघ मारा. चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा. दुसरं चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे डिफरन्शिअलचा एक, म्हणून शाफ्टचे जेवढे फेरे तेवढा रेशो. मागे तेच करा, हँडब्रेक सोडून. पुढे चार आणि वर थोडं, मागे जवळजवळ पाच, असं निघालं तर गाडी तिथेच सोडून चहा प्यायला जा. अशी गाडी फोर-हायमध्ये चालवणं म्हणजे ट्रान्सफर केस रोज थोडा-थोडा फोडणं.

तेलाचंही एक सांगतो. ट्रान्सफर केसचा भरायचा प्लग खोलून बोट आत घाला. तेल दुधाळ असेल तर नदी-ओढ्यातलं पाणी आत गेलंय. खालच्या प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावरचा करडा मऊ लेप नेहमीचाच. नखाने टोचेल असा कीस किंवा दाताचा तुकडा निघाला तर मघाच्या सगळ्या फेऱ्यांचा निकाल तिथेच लागला.

विकणाऱ्याचं एक ठरलेलं वाक्य असतं: "साहेब, फोर बाय फोर आहे, एवढं चालायचंच." हे वाक्य खरं कुठे आणि खोटं कुठे, ते कळलं की निम्मं काम झालं. गिअरवाल्या ट्रान्सफर केसची फोर-लोमधली वीऽऽ अशी शीळ, टू-हायमध्ये जड वाटणारं स्टिअरिंग, पाटे असलेल्या गाडीचं उसळणं, हे चालायचंच. खड्डा लागला की स्टिअरिंग थडथडा हलायला लागतं आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय शांत होत नाही, हे मुळीच चालायचं नाही. मग तो टायर बॅलन्सिंगचा विषय असो, किंगपिन बेअरिंगचा असो की टाय रॉड एंडचा. तसंच फोर-लो हाताने धरून ठेवावा लागणंही.

आणि "पुढचा शाफ्ट घरी काढून ठेवलाय, तुम्ही गाडी घेतली की बसवून देतो," असं कुणी म्हणालं तर त्याला आजच बसवायला सांगा. मोजक्या बोल्टचं काम आहे, तासाभराचं. बसवल्यावर मुरुमाची फेरी, टणक जमिनीची फेरी, मातीचा चढ, आणि मगच पैशाची गोष्ट. तयार नसेल तर ती गाडी टू-व्हील ड्राइव्ह समजून किंमत सांगायची.