नोटपॅडमध्ये उघडणारं चॅनेल

टीव्हीचं चॅनेल नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतं, हे मला अपघातानेच कळलं. घरच्या मीडिया सेंटरमध्ये, म्हणजे टीव्ही आणि सिनेमे दाखवणाऱ्या कोडी या सॉफ्टवेअरमध्ये, चॅनेलांची यादी भरायची होती. त्यासाठी उतरवलेली फाइल चुकून नोटपॅडमध्ये उघडली आणि समोर नुसत्या ओळी दिसल्या. चॅनेलचं नाव, त्याच्या बोधचिन्हाचा पत्ता, ते कोणत्या गटात दाखवायचं याची नोंद आणि खाली एक लांबलचक वेबपत्ता. मग पुढच्या चॅनेलचं नाव, पुन्हा पत्ता. ना चित्र, ना आवाज.

या फाइलला एमथ्रीयू म्हणतात. जन्म १९९० च्या दशकातला, काम एमपीथ्री गाण्यांची यादी सांभाळायचं. विनॅम्पसारख्या प्लेअरांनी ती घरोघरी नेली. गाण्यांची वही पुढे टीव्हीच्या कामाला आली आणि कोणाला त्यात काही बदलावंसंही फारसं वाटलं नाही.

कुतूहल म्हणून त्यातला एक वेबपत्ता ब्राउझरला दिला. पुन्हा मजकुराचीच एक फाइल उतरली. हिच्यात एकाच चॅनेलच्या चार-पाच प्रती नोंदलेल्या होत्या: ही कमी दर्जाची, ही मध्यम, ही चांगली, प्रत्येकीला सेकंदाला किती बिट लागतील ते लिहिलेलं. त्यातली एक प्रत उघडली तर तिसरी यादी. या यादीत मात्र तुकड्यांची नावं होती, प्रत्येकापुढे सहा-सहा सेकंदांचा आकडा. थोड्या वेळाने तीच यादी पुन्हा मागवली. वरचं एक नाव गळालं होतं, खाली एक नवं आलं होतं आणि माथ्यावरचा क्रमांक एकाने वाढला होता. थेट प्रक्षेपण म्हणतात ते एवढंच.

‘स्ट्रीम’ या शब्दाने आपली दिशाभूल होते. प्रवाह म्हटलं की नदी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात हे रहाटगाडगं आहे. एकेक गाडगं भरतं, वर येतं, रिकामं होतं. पाटाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहिलं तर पाणी अखंड वाहताना दिसतं. तुकडे हीच गाडगी, आणि रहाट फिरवायचं काम प्लेअरचं. अँटेनावरचा टीव्ही पावसासारखा होता: तुम्ही भांडं धरा नाहीतर धरू नका, तो पडतच असायचा. इथे मागितल्याशिवाय थेंबही येत नाही.

ही पद्धत ॲपलने २००९ मध्ये आणली. तिचं नाव एचएलएस. २०१७ मध्ये तिचा तपशील इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत आरएफसी ८२१६ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. तिची सख्खी चुलत बहीण म्हणावी अशी डॅश ही पद्धत २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. दोघींमागची युक्ती एकच. आधीच्या पद्धतींमध्ये प्रत्येक प्रेक्षकासाठी एक खास जोडणी शेवटपर्यंत धरून ठेवावी लागे, त्यासाठी खास सर्व्हर लागे. तुकडे केले की प्रत्येक तुकडा म्हणजे वेबपानावरच्या फोटोसारखी एक साधी फाइल. ती कोणताही वेब सर्व्हर देऊ शकतो, वाटेतले साठवण-सर्व्हर तिची प्रत ठेवू शकतात, आणि फोनचं नेटवर्क मध्येच बदललं तरी पुढचा तुकडा नव्या वाटेने मागवता येतो.

इंटरनेट कंपन्या स्वतःच्या जाळ्यात जो टीव्ही देतात, त्याचा मार्ग बहुधा वेगळा असतो. तिथे २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारे खास पत्ते असतात. तुमचा बॉक्स ‘मला या गटात घ्या’ असं कळवतो आणि जिथे वाट फुटते तिथेच माहितीच्या पाकिटांच्या प्रती काढल्या जातात. हजार घरं एकच चॅनेल बघत असली तरी मुख्य वाटेवर एकच प्रत धावते. फार देखणी रचना आहे; पण ती त्या जाळ्यापुरतीच. खुल्या इंटरनेटवर असे गट चालत नाहीत, म्हणून तिथे बहुधा रहाटगाडगंच चालतं.

आता शेजारच्या घरातून येणाऱ्या आरोळीकडे वळू. सामना रंगात आलाय, तुमच्या पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर आहे आणि भिंतीपलीकडे जल्लोष सुरू. तुमचं इंटरनेट मंद आहे असा याचा अर्थ नाही. तुकडा सहा सेकंदांचा असेल, तर तो पुरा भरल्याशिवाय यादीत त्याचं नाव चढत नाही. शिवाय प्लेअरने यादीच्या अगदी टोकाचा तुकडा उचलू नये, निदान तीन तुकड्यांचं अंतर राखावं, असं एचएलएसचा तपशीलच सुचवतो. सहा त्रिक अठरा सेकंद इथेच गेले. त्यात चित्र दाबून लहान करायला लागणारा वेळ आणि वाटेतला प्रवास मिळवा. अर्धा मिनिट सहज होतो. २०१९ मध्ये ॲपलनेच यावर तोड काढली: अर्धवट भरलेल्या गाडग्यातलं पाणीही वाटायचं. पण त्यासाठी पाठवणारा, वाटेतले सर्व्हर आणि प्लेअर असे तिघेही तयार असावे लागतात.

याच हिशोबातून एक लोकप्रिय सल्ला कसा फसतो तेही दिसतं. चित्र अडखळलं, चकरी फिरू लागली की कोणीतरी जाणकार सांगतो, ‘सेटिंगमध्ये जाऊन बफर वाढव.’ बफर म्हणजे पुढच्या चित्रांचा आधीच आणून ठेवलेला साठा. साठवलेला सिनेमा बघत असाल तर सल्ला बरोबर. पुढची दहा मिनिटं आधीच आणून ठेवता येतात. थेट प्रक्षेपणात पुढची दहा मिनिटं अजून घडलेलीच नसतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुम्ही प्रत्यक्ष घटनेच्या जितके मागे, फार तर तितकाच साठा शक्य. बफरसाठी एक जीबी राखून ठेवलात तरी त्यात वीस-तीस सेकंदच मावतील, कारण तेवढेच अस्तित्वात आहेत.

अडखळणं टाळायचा खरा उपाय त्या दुसऱ्या, वेगवेगळ्या दर्जाच्या प्रतींच्या यादीत असतो. प्रत्येक तुकडा यायला किती वेळ लागला हे प्लेअर मोजत राहतो. सहा सेकंदांचा तुकडा दोन सेकंदांत आला तर चैन आहे. साडेपाच सेकंद लागले तर पुढचा तुकडा खालच्या दर्जाच्या प्रतीतून मागवलेला बरा. मधूनच चेहरे पुसट होतात आणि थोड्या वेळाने पुन्हा नितळ होतात, ते यामुळे. कोडीत हा निर्णय घेणारा एक स्वतंत्र ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, आहे आणि त्याला जास्तीत जास्त कोणता दर्जा घ्यायचा ते बजावून ठेवता येतं. लाइन बेताची असेल तर सारखं वर-खाली होण्यापेक्षा मधला दर्जा पक्का धरलेला मला आवडतो.

मुळात हे सारं त्या लाइनमधून मावतं तरी कसं? १९२० गुणिले १०८० ठिपके म्हणजे साधारण २०.७ लाख. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट, सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार होतो सुमारे १२४ कोटी बिट. प्रत्यक्षात चांगल्यापैकी स्ट्रीम सेकंदाला ५० लाख बिटांत भागते. सुमारे अडीचशेपट आकसणं! यात मोठा वाटा असतो न पाठवण्याचा. अधूनमधून एक पूर्ण चित्र पाठवायचं आणि मधल्या चित्रांसाठी फक्त काय हललं तेवढं सांगायचं. निवेदिकेच्या मागची भिंत जागची हलली नाही, तर ती पुन्हा कशाला पाठवा? काही चित्रं तर मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चित्रांच्या आधाराने रचली जातात, त्यामुळे पुढचं चित्र आधी येतं आणि प्लेअर ते हातात धरून थांबतो.

हे कोडं उलगडायला भरपूर आकडेमोड लागते. ती दोन ठिकाणी होऊ शकते: चिपमधल्या त्याच कामासाठी घडवलेल्या भागात किंवा सर्वसाधारण प्रोसेसरवर. चित्र आकसण्याच्या २००३ च्या एच.२६४ पद्धतीसाठीचा खास भाग आता जवळपास सगळ्या उपकरणांत असतो. २०१३ च्या एच.२६५ चा जुन्या बॉक्समध्ये नसतो. मग एखादं चॅनेल लावलं की आवाज स्वच्छ आणि चित्र मात्र फोटोंच्या अल्बमसारखं एकेक पुढे सरकतं. लोक राउटरला दोष देतात. बिचाऱ्याने तुकडे वेळेवर आणून दिलेले असतात. दमछाक प्रोसेसरची झालेली असते. कोडीत प्लेअरची तांत्रिक माहिती पडद्यावर आणता येते. काम चिपचा खास भाग करतोय की प्रोसेसर, आणि किती चित्रं गाळली गेली, हे तिथे कळतं. आधी तिथे डोकवावं.

कोडीची सुरुवातच अशा ओढाताणीत झाली. २००१ च्या एक्सबॉक्स या गेम खेळायच्या यंत्रात ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि फक्त ६४ एमबी स्मृती होती. हौशी प्रोग्रामरांनी त्यावर २००२ मध्ये एक मीडिया प्लेअर बसवला, त्याचं पुढे एक्सबॉक्स मीडिया सेंटर झालं आणि २०१४ मध्ये कोडी. प्लेक्स हे दुसरं मीडिया सॉफ्टवेअर म्हणजे त्याच खोडाला २००८ मध्ये फुटलेली फांदी. चित्र उलगडायचं काम कोडी एफएफएमपेग या मुक्त संचाकडून करून घेतं. फाब्रीस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेला हा संच नसता तर इतक्या तऱ्हांच्या फाइली एकाच प्लेअरमध्ये चालल्या नसत्या.

कोडी स्वतः मात्र रिकामं असतं. कपाट मिळतं, कपडे आपले आपण आणायचे. चॅनेलांची यादी एका फाइलमधून येते, कार्यक्रमांचं वेळापत्रक एक्सएमएलटीव्ही नावाच्या दुसऱ्याच फाइलमधून, आणि दोन्हींची गाठ एका ओळखनावावर बांधलेली असते. त्या नावात एका अक्षराचा फरक पडला की बालवाहिनीपुढे शेअर बाजाराची चर्चा दिसू लागते. वेळापत्रक काही तासांनी सरकलेलं दिसलं तर बहुतेक वेळा ते बनवणाऱ्याने वेळेपुढे स्थानिक फरक लिहिलेला नसतो, आणि मग ती वेळ जागतिक प्रमाणवेळ समजली जाते.

या रिकामेपणाचा गैरफायदाही घेतला गेला. चोरीच्या चॅनेलांची ॲड-ऑन आधीच भरलेले बॉक्स विकायचा धंदा जोरात चालला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये असे बॉक्स विकणं हाच हक्कभंग ठरवला. सॉफ्टवेअर निर्दोष, त्यात मुद्दाम भरलेला माल नव्हे. मला यात सुरक्षेची बाजूही महत्त्वाची वाटते. एमथ्रीयू ही नुसती यादी. ॲड-ऑन हा प्रोग्राम असतो. कोडीला संगणकावर जे जे करायची मुभा आहे, ते ते त्यालाही करता येतं. अनोळखी माणसाला घराची किल्ली देताना आपण जेवढा विचार करतो, तेवढा इथेही करायला हवा.

बातम्यांची पट्टी खालून सरकताना बारीक धक्के खाते, हा दोष अनेकांना दिसतो आणि थोड्यांनाच उलगडतो. चॅनेल सेकंदाला २५ चित्रं पाठवतं, पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो. एका चित्राच्या वाट्याला २.४ वेळा येणार. पण पडदा अर्धवट रंगत नाही. म्हणून काही चित्रं दोनदा दिसतात, काही तीनदा: दोन, दोन, तीन, दोन, तीन. पाच चित्रांत बारा पुरे. हिशोब चोख, चाल लंगडी. पडद्याचा वेग चित्रांप्रमाणे बदलायची सोय कोडीच्या सेटिंगमध्ये असते, पण ती आपण सुरू करावी लागते. पडदा ५० वर आला की प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दिसतं आणि पट्टी लोण्यासारखी सरकते.

एक चॅनेल मला बरेच दिवस छळत होतं. दिवसातून एकदा कधीतरी ते गोठायचं. बंद करून पुन्हा लावलं की ठणठणीत. वेळ रोज वेगळी. शेवटी कागदावर नोंदी केल्या. सोमवारी रात्री नऊ. मंगळवारी रात्री साडेअकरा. बुधवार पूर्ण कोरा. गुरुवारी पहाटे दोन.

दर खेपेला साडेसव्वीस तासांचं अंतर. तुकड्यांच्या पोटात १८८ बाइटची छोटी पाकिटं असतात, आणि कोणतं चित्र कधी दाखवायचं याची वेळ त्यांत नोंदलेली असते. हे घड्याळ सेकंदाला ९०,००० ठोके देतं, कारण चित्रं सेकंदाला २४, २५ किंवा ३० असली तरी या आकड्याला निःशेष भाग जातो. वेळ लिहायला जागा मात्र ३३ बिटांची. म्हणजे ८५८ कोटी ९९ लाखांच्या आसपास ठोके झाले की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. भागाकार करून पाहिला: २६ तास, ३० मिनिटं आणि ४४ सेकंद. चांगले प्लेअर ही उडी ओळखून पुढे जातात. माझ्या जुन्या बॉक्सवरच्या आवृत्तीला ती वेळ एकदम दिवसभराने मागे गेलेली वाटायची आणि पुढचं चित्र कधी दाखवायचं याचा तिला पत्ता लागत नसे.

पुढची पाळी शुक्रवारी पहाटे साडेचारची होती. त्यासाठी मी काही उठलो नाही. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली आणि झोपलो.