माळावर झाडं लावली की हरणं येतात?

"पडीक माळ असेल तर दाट झाडं लावा, हरणांना चारा न् आडोसा दोन्ही मिळेल" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, आणि ऐकायला पटतोच, कारण हरीण म्हटलं की आपल्याला जंगलच आठवतं.

चितळ, सांबर, भेकर यांच्याबाबतीत झाडीचं खरंय. पण सोलापूर-नगरकडच्या माळावर दिसतं ते काळवीट न् चिंकारा, आणि काळवीट मुख्यतः गवत खातं, धोका लांबून बघून पळून जीव वाचवतं, म्हणजे मोकळी नजर हाच त्याचा आडोसा. दाट झाडीत लांडगा जवळ येईपर्यंत दिसणारच नाही. पाडसं मात्र उंच गवतात लपतात, म्हणून सगळं गवत कापू नका किंवा जाळू नका.

मग लावायचं काय? मारवेल, डोंगरी असं गवत, मधेमधे बोर, हिवर, बाभूळ, तीही विरळच (हिवर-बाभळीच्या शेंगा काळवीट आवडीने खातं). ग्लिरिसिडिया (झपाट्याने वाढणारं परदेशी झाड) तर नकोच.

खात्री करायचीय? पहाटे दुर्बीण घेऊन बांधावर गप्प बसा, कळप मोकळ्यात दिसतो की झाडीत ते बघा, मग दोन्हीकडच्या लेंड्या आणि खुरांचे ठसे मोजा. रेहेकुरी (नगर), नान्नज (सोलापूर) इथल्या माळरानावरच्या अभयारण्यांत गेलात तर तिथलं गवतही नीट बघून या.